आमचे फोटो, चोराचा नंबर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी जवळ आली की तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक ठरलेली बातमी येते, पर्यटकांना ऑनलाइन गंडा. पुण्याच्या नाहीतर ठाण्याच्या कुणीतरी कोकणातला व्हिला बुक केला, ॲडव्हान्स भरला, मग नंबर बंद. खाली पोलिसांचं आवाहन, नागरिकांनी सतर्क राहावं. संपली बातमी. आता सतर्क राहावं म्हणजे नेमकं करायचं काय, कुठे बघायचं, कुणाला विचारायचं, हे काही त्यात नसतं. मी मालवण तालुक्यात देवबागला घरचाच होमस्टे चालवते, आणि अशा फसवणुकीत जे फोटो दाखवतात ते बऱ्याचदा आमच्यासारख्यांच्याच घरांचे असतात, तेव्हा म्हटलं या बाजूनेही कुणीतरी लिहावं.

बातमीखाली लोक लिहितात ना, की एवढी शिकलेली माणसं अशी कशी फसतात, स्वस्तातलं बघायला गेली वगैरे, ते मला अजिबात पटत नाही. लोक फसतात कारण आमचा खरा धंदा आणि चोराचा खोटा धंदा दिसायला एकसारखा आहे. बघा ना, कोकणातला साधा होमस्टे कसा चालतो. वेबसाइट नाही, असली तर पुतण्याने कधीतरी बनवून दिलेली आणि पुढे पैसे न भरल्यामुळे बंद पडलेली. एक इन्स्टाचं पेज, एक व्हॉट्सॲप नंबर. कुणी विचारलं की चार फोटो टाकायचे, रेट सांगायचा, निम्मे ॲडव्हान्स पाठवा म्हणायचं आणि जीपे नंबर द्यायचा, जो कधी ह्यांच्या नावावर, कधी दिराच्या, कधी मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाच्या. पावती म्हणजे 'मिळाले, या' एवढा मेसेज. चोर वेगळं काय करतो? काहीच नाही. उलट आमच्यापेक्षा नीट करतो. आम्ही सकाळपासून मासे साफ करणं, चादरी धुणं, पाव्हण्यांचा नाष्टा यात अडकलेलो, मेसेज बघणार रात्री भांडी झाल्यावर. तो दोन मिनिटात उत्तर देतो, सर मॅडम करतो, लेटरहेडवर पीडीएफ पाठवतो, त्यावर जीएसटी नंबरपण असतो. म्हणजे कोण जास्त व्यवस्थित वाटतंय यावरून ठरवायला गेलं तर माणूस बरोब्बर चोराकडेच जाणार.

मे महिन्यात भर दुपारी एक कुटुंब बॅगा घेऊन आमच्या अंगणात उभं राहिलं. दोन लहान पोरं, आजी, रात्रभर गाडी चालवून आलेले. हातात बुकिंगचा कागद, त्यावर आमच्या घराचा फोटो, पुढे सासूबाईंचं तुळशीवृंदावन, सगळं आमचंच. नाव आमचं, फोन नंबर आमचा नाही. आणि पैसे सगळे भरलेले, जेवणासकट. आमच्या खोल्या भरलेल्या. त्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या जणू मीच त्यांचे पैसे घेऊन आता नाही म्हणतेय, आणि खरं सांगू, त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. शेवटी वाडीत फोनाफोनी करून एकांच्या माडीवर सोय झाली. सासूबाईंनी तो कागद हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, मेल्यान माझी तुळस पण इकल्यान.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की नकाशाच्या ॲपवर आमच्या घराच्या नावापुढे कुणीतरी नंबर बदलून टाकलाय. हे कुणालाही करता येतं, 'दुरुस्ती सुचवा' असं बटण असतं, दुकान बंद झालं, वेळ बदलली, नंबर बदलला असं कुणीही सुचवू शकतो आणि मालकाने ती जागा स्वतःच्या नावावर पडताळून घेतलेली नसेल तर कधी कधी ते तसंच्या तसं लागतं. आमची घेतलेली नव्हती, आमच्या वाडीत बहुतेकांची नाही, कारण ते करायचं असतं हेच माहीत नाही. आम्ही नंबर परत दुरुस्त केला, काही दिवसांनी पुन्हा तोच चोराचा. कंपनीला फॉर्म भरून तक्रार केली, तर 'तुमच्या सहकार्याबद्दल धन्यवाद' असं उत्तर आलं. माणूस नाहीच पलीकडे बोलायला. म्हणजे ज्याने नकाशावर बघून, रिव्ह्यू वाचून, चांगली चौकशी करून फोन केला तोही फसला, याला सतर्क नाही म्हणायचं तर काय म्हणायचं.

त्या चोरांची बोलायची पद्धत आता आम्हाला पाठ झालीय, पाव्हणेच चॅट दाखवतात. आधी फार स्वस्त सांगत नाहीत, तिथेच लोक चुकतात, त्यांना वाटतं फ्रॉड म्हणजे अगदीच फुकटाचा भाव असणार. तो बाजारापेक्षा थोडाच कमी सांगतो. मग घाई. शनिवार-रविवारची एकच रूम उरलीय, दुसरी पार्टी लाइनवर आहे, पाच मिनिटात टोकन टाका. तुम्ही कां-कूं केलंत की तो स्वतःहून आधार कार्डाचा फोटो पाठवतो, घ्या सर माझं आधार, आता तरी विश्वास ठेवा. ते आधार कुणाचं तरी खरं असतं, आधी फसवलेल्याच एखाद्या माणसाने रूम बुकिंगसाठी म्हणून पाठवलेलं असेल! म्हणून सांगते, आधारचा फोटो हा ओळखीचा पुरावाच नाही, उलट बुकिंग पक्कं व्हायच्या आधी तुमचं आधार कुणी व्हॉट्सॲपवर मागत असेल तर देऊ नका. आम्हाला ओळखपत्र बघावं लागतं हे खरं, पण ते तुम्ही आल्यावर.

त्याच्या पुढचा प्रकार तर फारच बेरकी आहे. टोकन भरलं की फोन येतो, सर तुम्ही ५००० टाकले, आमच्या सिस्टिमला ५००१ लागतात, एन्ट्री पडली नाही, तुम्ही परत ५००१ टाका, आधीचे ऑटोमॅटिक रिफंड होतील. माणूस टाकतो. मग जीएसटी वेगळा भरा, तो रिटर्नेबल आहे. मग सिक्युरिटी डिपॉझिट. दर वेळी आधीचे पैसे परत मिळावेत म्हणून पुढचे भरले जातात, आणि यात शिकलेला-अडाणी काही नाही, आधीचे अडकलेत म्हटल्यावर कुणाचंही डोकं तसंच चालतं. शेवटी वैतागून रिफंड मागितला की लिंक येते नाहीतर एखादी फाइल, बुकिंग डॉट एपीके असं काहीतरी नाव. ती उघडून त्यातलं ॲप फोनमध्ये टाकलं की फोनच त्याच्या ताब्यात जाऊ शकतो. नाहीतर स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतात. खरं म्हणजे पैसे आपल्याला येणार असतील तर यूपीआयचा पिन टाकावाच लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही, पिन लागतो तो पैसे जाताना, नाहीतर शिल्लक बघताना. एवढं एक वाक्य घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून पाठ करून घ्या.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? मी तर आता पाव्हण्यांना सांगते की चोर काय दाखवतो ते बघू नका, चोराला काय जमणार नाही ते त्याच्याकडे मागा. त्याला व्हिडिओ कॉल जमणार नाही. म्हणजे रेकॉर्ड केलेला व्हिडिओ तो पाठवेल हवे तेवढे, आमचेच उचललेले, पण आत्ता या मिनिटाला फोन चालू ठेवून अंगणातून रस्त्यावर या, शेजारचं दुकान दाखवा, समुद्र दाखवा म्हटलं की त्याचं नेटवर्क जातं. आमच्याकडे नेटवर्क खरंच जातं हेही खरं आहे, हसू नका, पण मग आम्ही म्हणतो संध्याकाळी करते, आणि करतो. तो म्हणतो आधी टोकन टाका.

दुसरं त्याला जमणार नाही ते गावातलं. आमच्या इथे पावसाळ्यात, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बोटी बंद असतात, स्कूबा नाही, वॉटर स्पोर्ट नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याला जायची होडीसुद्धा नाही. आणि हे लोक जुलैचं पॅकेज विकतात, दोन रात्री, त्सुनामी आयलंड (देवबागजवळचं छोटं बेट), स्कूबा फ्री. ज्याने असं विकलं त्याने आमचा समुद्र बघितलेलाच नाही. कुठल्याही ठिकाणी जाताना असा एखादा प्रश्न काढता येतो, महाबळेश्वर असो, ताडोबा असो. ताडोबाच्या कोअर, म्हणजे आतल्या मुख्य जंगलात आठवड्यातून कुठल्या वारी सफारी बंद असते ते विचारा, तिथला माणूस पटकन मंगळवार सांगेल. शेजारी कोण राहतं विचारा, कुठल्या वाडीत आहे विचारा, आणि मग त्याच वाडीतल्या दुसऱ्या एखाद्या होमस्टेला फोन करून विचारा की बाबा हे घर आहे का आणि यांचा नंबर हाच का. आम्ही सांगतो. धंद्यात स्पर्धा असली तरी शेजारणीचा नंबर चुकीचा सांगण्याइतके आम्ही घसरलेलो नाही.

तिसरं म्हणजे नाव. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपला बंधन आहे की पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसलं पाहिजे, फोनमध्ये आपण सेव्ह केलेलं किंवा त्याने स्वतः ठेवलेलं नाव चालत नाही. ही फार कामाची सोय आहे आणि लोक तिकडे ढुंकून बघत नाहीत, डायरेक्ट पिन टाकतात. सौ. अमुकतमुक परब यांचा होमस्टे आणि नाव दिसतंय कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाहीतर भलत्याच राज्यातल्या माणसाचं, तर थांबा. आता यात अडचण आमचीच आहे, वर लिहिलं तसं, आम्हीच दिराचा नंबर देतो. म्हणून होमस्टेवाल्यांनाही माझं सांगणं आहे की धंद्याच्या नावाने बँकेत खातं काढा, त्याचा क्यूआर घ्या, आणि ते नाव पेजवर लिहून ठेवा. दोन हेलपाटे पडतात बँकेत, पडू देत. आणि नकाशावरची आपली जागा आपल्या नावावर करून घ्या, आम्ही केली त्यानंतर तो नंबर अजूनतरी परत बदललेला नाही. पाव्हण्यांनीही हट्ट धरावा, थोडकं टोकन आणि बाकी आल्यावर. सगळे पैसे आधी मागणारा गावचा माणूस मी तरी बघितला नाही.

सरकारी साइटबद्दल लोक एक सोपा नियम सांगतात, शेवटी गव्ह डॉट इन आहे का बघा. तो पुरत नाही. आपल्या एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची साइट एमटीडीसी डॉट को आहे, रेल्वेच्या तिकिटांची आयआरसीटीसी डॉट को डॉट इन. मग लोकांना एमटीडीसी-रिसॉर्ट-बुकिंग असं काहीतरी लांबलचक दिसलं तर तेही खरंच वाटणार, त्यांचा काय दोष. सर्चमध्ये सगळ्यात वर जे येतं ते पैसे देऊन लावलेली जाहिरात असू शकते, आणि पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साइट प्रामाणिक असंही नाही, कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही टाकलेली माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही, पोचते ती चोराकडेच. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यावरच इशारा दिला होता, केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची गेस्टहाऊसं, टॅक्सी, यात्रेची पॅकेजेस या सगळ्यांच्या खोट्या साइट आणि पेजेस आहेत म्हणून. आपल्याकडून केदारनाथला जाणारे काय कमी आहेत! तिथे हेलिकॉप्टर गुप्तकाशी, फाटा आणि सेरसीवरून उडतं आणि त्याचं ऑनलाइन तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवर मिळतं. कुणी व्हॉट्सॲपवर व्हीआयपी कोट्यातलं देतो म्हणाला की तिथेच फोन ठेवा. शिर्डीच्या भक्तनिवासाचं तसंच, संस्थानची स्वतःची साइट आहे, गुगलवर सापडलेल्या कुठल्या मॅनेजरचा नंबर नको.

गणपतीच्या तिकिटांवर खरं तर वेगळं पत्र होईल. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवसांवर आलं आणि कोकणच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात, मग चाकरमानी कन्फर्म करून देतो म्हणणाऱ्याच्या मागे लागतात. पीडीएफवर कन्फर्म लिहिलेलं बघून पैसे देऊ नका, पीएनआर स्वतः १३९ वर किंवा रेल्वेच्या साइटवर तपासा. पीडीएफ काय, कुणीही बदलतं.

आणि हो, फसतात ते फक्त पर्यटकच असं नाही. आम्हालाही फोन येतात, मैं आर्मी से बोल रहा हूँ, हमारे बारा जवान आ रहे हैं, रूम आणि जेवण पाहिजे, पेमेंट ऑनलाइन करतो, फक्त चेक करायला तुम्ही आधी एक रुपया पाठवा. किंवा २००० च्या जागी २०,००० गेले असा स्क्रीनशॉट येतो, वर बँकेसारखा दिसणारा मेसेज, आणि लगेच रडवेला फोन, ताई बायको हॉस्पिटलमध्ये आहे, जास्तीचे परत करा. खात्यात काही आलेलंच नसतं. वाडीतल्या एका काकांनी असे पैसे पाठवले, घरी अजून सांगितलेलं नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

आता गेलेच पैसे तर. पहिला फोन १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, नवऱ्याला नंतर. मी सिरियसली सांगतेय. पैसे चोराच्या पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाहीत, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, भाड्याने घेतलेल्या खात्यांत फिरतात आणि एटीएममधून निघतात. १९३० ला तक्रार नोंदली की ती बँकेकडे जाते आणि पैसे जिथे पोचलेत तिथे अडवता येतात, उरले असतील तर. नंबर लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर नोंदवा आणि आपल्या बँकेलाही कळवा. यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांक), चॅट, त्याचा नंबर, त्या पेजची लिंक, सगळं ठेवा. लोक काय करतात, राग येतो नाहीतर लाज वाटते म्हणून चॅट डिलीट करतात, नंबर ब्लॉक करतात, मग पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला नियम केला की तिसऱ्याच कुणीतरी परस्पर पैसे काढले, यात तुमची चूक नाही आणि बँकेचीही नाही, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पण होमस्टेच्या फसवणुकीत आपण स्वतःच पिन टाकून पाठवलेले असतात, त्यामुळे बँक त्यावर बोट ठेवते आणि हात वर करते. हे आधीच माहीत असलेलं बरं. आणि फेसबुकवर 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो' म्हणणारे जे भेटतात ते त्यातलेच भाऊबंद.

माझी मागणी फार मोठी नाही. पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी आणि होमस्टेची नोंदणी होते, प्रमाणपत्र मिळतं, ते आम्ही फ्रेम करून भिंतीवर लावतो. भिंतीवरचं प्रमाणपत्र पुण्यात बसलेल्या माणसाला दिसत नाही ना. नोंदणी झालेल्या घरांची तालुकावार यादी मराठीत, मालकाच्या नावासकट आणि फोन नंबरसकट, फोनवर दोन टिचक्यांत सापडेल अशी ठेवा, आणि त्यातला नंबर मालकाशिवाय कुणाला बदलता येऊ नये. म्हणजे नकाशावर कुणी काहीही लिहिलं तरी ताडून बघायला एक जागा होईल. ज्यांची नोंदणी नाही ते होमस्टेवालेही मग आपणहून येतील, आज त्यांना नोंदणीचा फायदाच दिसत नाही. पोलिसांनीही मालकांची तक्रार घ्यावी. आम्ही गेलो तेव्हा आम्हाला सांगितलं की पैसे तुमचे गेले नाहीत ना, मग तुमची तक्रार कशी. आमचं घर विकलं गेलं, फोटो, नाव, रिव्ह्यू सगळं वापरलं गेलं, वर्षानुवर्षे येणारे पाव्हणे आता फोनवर आधी विचारतात की तुम्ही खऱ्याच ना, हे नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं ते तरी सांगा.

आणि संपादक साहेब, एक तुम्हालाही. सुट्टीच्या पुरवणीत तुम्ही कोकण, लोणावळा, अलिबागच्या होमस्टेच्या छोट्या जाहिराती छापता, नाव, दोन ओळी आणि मोबाइल नंबर. लोक पेपरात आलंय म्हणून डोळे झाकून त्यावर पैसे पाठवतात. छापायच्या आधी त्या नंबरवर एकदा व्हिडिओ कॉल लावून बघत जा.

आपली नियमित वाचक,
एक होमस्टेवाली, देवबाग, ता. मालवण
(गावाचं नाव छापलं तरी चालेल, माझं छापू नये.)